वहीतले खोटे आकडे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. वय 43. सहा वर्षांपासून शुगर आहे. आमचं पाच एकर वावर आहे, कापूस आणि तूर. घरचं आटोपलं की मी दुसऱ्यांकडेही वेचायला जाते. गोळ्या होत्याच, दिवाळीपासून रात्रीची इन्सुलिनची सुई लागली.

दीड महिना झाला, मी शुगर तपासलीच नाही. पोरानं मशीन घेऊन दिली, ती डब्यात पडून आहे. पट्ट्या महाग पडतात हे खरं, पण कारण ते नाही. सकाळी बोट टोचायचं, आणि 190 दिसलं की दिवसभर कशात जीव लागत नाही. आदल्या रात्री अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी, एवढंच खाल्लेलं असते. मग वाढते कशानं? घरचे म्हणतात, लपून खाल्लं असेल. दवाखान्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘तुम्ही काही पाळतच नाही.’ त्या दिवशी घरी येऊन फाइल पेटीच्या तळाशी टाकली.

पोळ्याला सासूबाई सर्वांसमोर म्हणाल्या, ‘तिले पुरण वाढू नको वं, शुगर हाय तिले.’ मी गप्प बसले. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानंच दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. मला पुरणाची तेवढी आवडही नाही, ताई.

पंधरा दिवसांपूर्वी वेचताना हातपाय थरथरले, घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. सोबतच्या बायांना सांगितलं नाही. उद्यापासून कामाला बोलावलं नाही तर? धुऱ्यावर बसून चहा प्याले, मग बरं वाटलं. तेव्हापासून कधी कधी सुई टाळते. गोळी, सुई, जेवणाची वेळ, पाय पाहा, चालायला जा. याला रविवार नाही, सण नाही. मी आळशी झाले का? का माझं डोकंच बिघडलं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बाई, वयानं मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. तुझं पत्र वाचलं आणि कपाटातून माझी जुनी वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, 2013 सालची. तिच्यात तीन आठवड्यांचे आकडे आहेत : 118, 126, 121, 131. सगळे खोटे. दवाखान्यात जायच्या दिवशी आर्वीच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून मी ते लिहिले. एकाच बैठकीत लिहिलेले वाटू नयेत म्हणून दोन वेगळे पेन वापरले. तेव्हा मी उपकेंद्रात नर्स होते. सकाळी बायांना ‘वेळच्या वेळी तपासा’ सांगायचे आणि माझी स्वतःची मशीन तुझ्यासारखीच डब्यात होती.

त्या दिवशी तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी केली, एचबीए1सी. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटत जाते, आणि त्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज त्या एका थेंबात कळतो. माझी आली 9.4, म्हणजे वहीतल्या आकड्यांशी न जुळणारी, बरीच चढलेली. डॉक्टरांनी एका हातात रिपोर्ट धरला, दुसऱ्या हातात वही. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘सिस्टर, ही वही तुम्ही कोणासाठी लिहिली?’

मला उत्तर देता आलं नाही. पण तुझ्या पत्राचं माझं सगळं उत्तर त्या प्रश्नातच आहे. तुझा तो 190 कोण पाहणार आहे, याची तुला भीती आहे. नवरा, सासू, डॉक्टर. आकडा तुझ्यासाठी उरलाच नाही, तो त्यांना दाखवायचा झाला. जो आकडा दुसऱ्याला दाखवायचा असतो तो माणूस लपवतो किंवा खोटा लिहितो. मी खोटा लिहिला, तू लपवलास. यात आळस कुठं आहे? आळशी बाई अर्ध्या भाकरीचा हिशोब ठेवत नाही.

आता त्या 190 बद्दल, कारण यानंच तुला सगळ्यात जास्त छळलंय. आपण झोपलेलो असतो तेव्हाही यकृत रक्तात साखर सोडत असतं. पहाटे शरीर उठायची तयारी करतं, तेव्हा काही हार्मोन वाढतात आणि यकृत आणखी साखर सोडतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड तेवढं इन्सुलिन लगेच सोडून ती सांभाळून घेतं. आपलं पुरं पडत नाही. म्हणून रात्री उपाशी झोपली तरी सकाळी आकडा चढलेला दिसू शकतो. रात्रीची सुई चुकली, झोप झाली नाही, अंगात ताप किंवा कुठं जखम पिकलेली असली, मनावर ताण असला, तरी चढतो. म्हणजे ‘लपून खाल्लं असेल’ हा आरोप सकाळच्या आकड्यावरून सिद्धच होत नाही. हे वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखव.

आणि सुई लागली म्हणजे तू नापास झालीस, असंही नाही. या आजारात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद वर्षागणिक कमी होत जाते. निदान होतं तोवरच ती बरीच घटलेली असते. सगळं नीट करणाऱ्यांनाही पुढं सुई लागू शकते.

डॉक्टरसाहेबांचा तो शब्द, ‘पाळत नाही’, मला फार लागला. आपण व्रत पाळतो, उपास पाळतो, सोवळं पाळतो, आणि पथ्यही पाळतो. उपास मोडला की पाप लागतं हे ऐकत वाढलेल्या बाईला मग जास्तीच्या चतकोर भाकरीचंही पाप वाटायला लागतं. शुगर हे व्रत नाही. हे काम आहे, निंदणासारखं. एक पाळी निंदून झालं तरी पाऊस आला की तण पुन्हा उगवतंच, म्हणून कोणी वावरात उभं राहून स्वतःला शिव्या देत नाही. पण निंदणाला चार बाया लागतात. तुझ्या या कामाला तू एकटी आहेस.

तू विचारलंस, डोकं बिघडलं का. नाही. या थकव्याला डॉक्टरी भाषेत नावही आहे, ‘डायबेटिस डिस्ट्रेस’. 1995 मध्ये अमेरिकेतल्या विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजायला प्रश्नांची यादी केली. पथ्य चुकलं की अपराधी वाटतं का, शुगर खाली जायची धास्ती असते का, घरचे साथ देत नाहीत असं वाटतं का, रोजच्या धडपडीनं जीव शिणला का, असे प्रश्न त्यात आहेत. तुझ्या एका पत्रात यातल्या चारही गोष्टी आल्या आहेत. 1989 मध्ये मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या रजिस्टरांत लसीकरण, बाळंतपण, क्षय, कुष्ठरोग यांचे रकाने होते, शुगरचा नव्हता. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या पाहणीत देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. आता गावागावांत तिशीपुढच्या माणसांची शुगर मोजतात, हे फार चांगलं झालं. पण मोजून झाल्यावर ‘बाई, थकलीस का?’ हे विचारायचा रकाना अजूनही नाही. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता वावरात झालं ते. याबद्दल मी थोडी कडक होणार आहे. थरथर, घाम, अंधारी ही शुगर खाली गेल्याची खूण असते. 70 च्या खाली आकडा म्हणजे धोका. इन्सुलिनसोबत काही गोळ्याही शुगर खाली नेतात, त्यात उन्हातली वेचणी आणि लांबलेलं जेवण, म्हणजे हे पुन्हा होऊ शकतं. साखरेची पुडी पदराच्या गाठीत बांधून ठेव, घरी विसरेल तिथं नको. थरथर सुटली की हातातलं काम टाकून तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, नाही तर तशीच खा. मशीन जवळ नसली तरी थांबू नकोस. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की डब्यातली भाकर खा, मगच उठ. तुझ्या ओळीत वेचणाऱ्या एका तरी बाईला हे आधी सांगून ठेव. तू शुद्ध हरपून पडलीस तर तोंडात काही घालायचं नाही आणि 108 ला फोन करायचा, हेही तिला माहीत पाहिजे. मुकादमाची भीती मला कळते, रोजी जाईल ती तुझीच. पण सांगितलेल्या बाईचं काम सहसा जात नाही, धुऱ्याआड एकटी पडलेल्या बाईचा जीव जाऊ शकतो.

त्या दिवसापासून सुई टाळतेस ते भीतीनं. माझ्यासोबत नोकरीत असलेल्या दोन नर्सबाईंनीही असंच केलं होतं. पण तू टाळतेस हे डॉक्टरांना ठाऊक नाही, म्हणून ते 190 पाहून डोस वाढवतील, आणि मग तू नेमानं घ्यायला लागलीस की शुगर आणखी खाली जाईल. वेचणीच्या हंगामात डोस बदलता येतो, गोळीची वेळ बदलता येते. ते त्यांनी ठरवायचं. तू मनानं बंद करू नकोस.

पट्ट्यांचं सांगते. रोज कशीही एक पट्टी घालवण्यापेक्षा आठवड्यातले कोणते दिवस, कोणत्या वेळा, हे डॉक्टरांकडून लिहून घे. एखाद्या दिवशी जेवणाआधी आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी अशी जोडी तपासली की अर्ध्या भाकरीनं किती चढते आणि एका भाकरीनं किती, ते तुझं तुला कळतं. त्यात मला पुढं गोडी लागली. हुरड्यानं माझी किती चढते हे मला पाठ आहे. वही तुझ्या पोराला लिहू दे, पण एका अटीवर. आकडा पाहून तोंडातून शब्द काढायचा नाही, भुवई वर करायची नाही. नुसतं लिहायचं.

सासूबाईंवर मी रागावणार नाही. आपल्या गावांत शुगरनं पाय गमावलेलं एखादं माणूस प्रत्येकानं पाहिलेलं असतं, आणि ती भीती वाढताना तोंडातून निघते. पण ताटावर बसलेल्या बाईला चार माणसांत अडवलं की ती रात्री उभ्यानं खाते. तू पुरण खाल्लंस ते पुरणासाठी नाही, हे तू स्वतःच लिहिलंस. पुढच्या सणाला भाकर बाजूला ठेवून एक पुरणपोळी ताटात घे, वरण-भाजीसोबत, सगळ्यांसमोर, बसून. आणि त्याच्या बऱ्याच आधी, दुपारी दोघीच असाल तेव्हा म्हण, ‘आई, वाढताना बोलू नका, मले लाज वाटते. त्यापेक्षा रोज रात्री माझे पाय पाहून द्या.’ पऱ्हाटीचं धसकट लागलेलं बधिर पायाला कळत नाही, आणि स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही. त्यांच्या भीतीला काम मिळेल आणि तुझं एक काम कमी होईल. माझे पाय सात वर्षं माझ्या सासूबाईंनी पाहिले, कंदिलाच्या उजेडातसुद्धा.

एक गोष्ट मी तुला थेट विचारते. हा कंटाळा फक्त शुगरचा आहे, का नातवंडं, सण, शेजारपाजार, कशातच मन लागत नाही? दोन आठवडे रोज असंच जात असेल, झोप-भूक उडाली असेल, किंवा मरणाचा विचार डोकावत असेल, तर तो वेगळा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आज लाव, डॉक्टरांच्या तारखेची वाट पाहू नको.

तारीख आली की फाइल पेटीतून काढ. समोर गेल्यावर शब्द सुचत नाहीत, मलाही सुचायचे नाहीत, म्हणून चिठ्ठी मीच लिहून देते. ही उतरवून घे आणि बसल्याबरोबर त्यांच्या हातात दे :

‘साहेब, मी दीड महिना शुगर तपासली नाही, कारण आकड्याची भीती वाटते. वेचताना एकदा थरथर झाली, घाम आला, तेव्हापासून कधी कधी सुई घेतली नाही. रात्री अर्धी भाकर खाते, हे खरं आहे. वेचणीच्या दिवसांचा डोस वेगळा सांगा. तपासायचे दिवस लिहून द्या. रागावू नका.’

खाली तुझं नाव लिही. आणि वेचायला जातेस ते वावर गावापासून किती लांब, सकाळी किती वाजता निघतेस, डबा किती वाजता उघडतेस, हेही लिही. डोस ठरवायला त्यांना तेच लागेल.