धमनी, शीर आणि ते 'शुद्ध' रक्त

प्रश्न असा : 'धमनी म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी आणि शीर अशुद्ध रक्ताची, हे बरोबर का? आणि मग नस कोणती?'

बरोबर नाही. ही व्याख्या अजून किती पिढ्या घोकणार आहेत कोण जाणे! हृदयातून रक्त बाहेर नेते ती धमनी (पाठ्यपुस्तकातली रोहिणी), हृदयाकडे परत आणते ती शीर (नीला). ऑक्सिजनचा नावाशी संबंध नाही. फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी झालेलंच रक्त असतं. नाळेत तर सगळंच उलटं : दोन धमन्या बाळाचं वापरलेलं रक्त वारेकडे (प्लासेंटाकडे) नेतात, एकुलती शीर ऑक्सिजन घेऊन येते. शिवाय 'अशुद्ध' म्हणजे घाण नव्हे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिन अजून ७५ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजनने भरलेलं असतं.

खरी गंमत 'धमनी'त आहे. धातू ध्मा, म्हणजे फुंकणे. गीतेत भीमाने पौण्ड्र शंख 'दध्मौ', तोच हा. चरकसंहिता सरळ सांगते : 'ध्मानाद्धमन्यः स्रवणात्स्रोतांसि सरणात्सिराः', म्हणजे ध्मानामुळे धमनी, स्रवण्यामुळे स्रोतस, सरण्यामुळे शीर. यावरून काही जण 'वारा वाहून नेणारी नळी' असा अर्थ ठोकून देतात. ती समजूत प्राचीन ग्रीक वैद्य एरॅसिस्ट्रॅटसची. मेल्यावर धमन्या बऱ्याच रिकाम्या होतात, म्हणून त्याने त्यांत हवा मानली आणि गेलन या वैद्याने दुसऱ्या शतकात ती खोडली. ती चरकांच्या गळ्यात कशाला? मला त्या 'ध्माना'त वारा नाही, ठोका दिसतो. आत फुंकर भरावी तशी भिंत फुगते आणि पुन्हा बसते. मनगटावर बोटांना लागतं ते हेच. तिथे वाहतं रक्त लागत नाही, दाबाची लाट लागते. लाट सेकंदाला ५ ते १० मीटर धावते, रक्ताची सरासरी अर्धा मीटरही नाही.

आणि 'सरण' (चितेचं नव्हे, सरकत जाणं) शिरेला किती चपखल! केशवाहिन्या ओलांडेपर्यंत दाब पाऱ्याच्या १५-२० मिलिमीटरवर आलेला असतो, ठोका विरलेला असतो. पायातलं रक्त पोटरीचे स्नायू पिळून वर ढकलतात, झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडपा गळू लागल्या की रक्त साचतं, शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात.

हां, नस. सुई टोचताना 'सापडत नाही' ती नस म्हणजे शीर. कंबरेत 'दबते' ती नस म्हणजे मज्जातंतू. बोलताना चालतं, लिहिताना टाळा.