विकलेली पेन्शन पतसंस्थेत नको

प्रश्न थोडक्यात असा: अहमदपूरचे एक सुभेदार ३१ डिसेंबर २०२५ ला ३० वर्षांची नोकरी करून घरी आले. वय ५१, कारगिलच्या लढाईत द्रासला होते. मूळ पेन्शन ३४,००० रुपये, त्यातली निम्मी कम्युट केलेली, म्हणजे एकरकमी पैशाच्या बदल्यात सोडलेली. घराचं कर्ज फेडून हाती ४० लाख उरले आहेत. मेहुणे एका पतसंस्थेचे संचालक आहेत. ते म्हणतात, २५ लाख आमच्याकडे ठेवा, माजी सैनिक म्हणून अर्धा टक्का जास्त धरून १२ टक्के देतो. उरलेल्या १५ लाखांत नांदेड रोडला प्लॉट घ्यायचा विचार आहे. मुलगा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

सुभेदारसाहेब, रामराम.

आधी कम्युटेशनचा हिशोब बघू. ३४,००० पैकी १७,००० रुपये तुम्ही १५ वर्षांसाठी सरकारला विकले आणि त्याचे पावणेअठरा लाखांच्या आसपास मिळाले. दरमहा १७,००० प्रमाणे १८० महिन्यांत कपात होणार ३० लाख ६० हजारांची. पूर्ण पेन्शन पुन्हा सुरू होईल ती जानेवारी २०४१ मध्ये. महागाई भत्ता पूर्ण ३४,००० वरच मिळतो, तेवढा दिलासा आहे. पण गावात 'फौजीला घबाड मिळालं' म्हणतात, तसं हे घबाड नाही. या पैशाचं पहिलं काम म्हणजे महिन्याला पडलेला १७,००० चा खड्डा भरणं.

तो खड्डा पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून जवळपास तंतोतंत भरतो. नावावर जाऊ नका. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना तिथे ५० व्या वर्षापासून खातं उघडता येतं, मर्यादा ३० लाख. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी २५ लाखांवर तिमाहीला ५१,२५० रुपये येतात, म्हणजे महिन्याला १७,०८३. उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं हलत नाही. पुढे तीन-तीन वर्षांनी मुदत वाढवता येते, मात्र त्या वेळच्या दराने.

मेहुण्यांच्या १२ टक्क्यांनी वर्षाला ३ लाख होतात आणि पोस्टाचे होतात २ लाख ५ हजार. फरक महिन्याला ७,९०० रुपयांचा, आणि त्यासाठी पणाला लागतात २५ लाख. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, मग ती राज्याच्या कायद्याखालची असो की मल्टिस्टेट. तुम्हाला १२ टक्के द्यायचे तर संस्थेला १६-१७ टक्क्यांनी कर्ज वाटावं लागतं. त्या व्याजाने कर्ज घेतं कोण? ज्याला बँकेने दारातून परत पाठवलं तो, नाहीतर संचालकांच्याच ओळखीतला प्लॉटवाला. त्याचे हप्ते थकले की नव्या ठेवींतून जुन्यांचं व्याज दिलं जातं. एक दिवस नव्या ठेवी आटतात आणि शटर खाली येतं. २०२३-२४ मध्ये बीड जिल्ह्यात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, त्या तुम्ही ऐकल्या असतीलच. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी राज्याचा एमपीआयडी कायदा आहे, तोही योगायोगाने तुमच्या लढाईच्याच सालचा, १९९९ चा. पण त्यात मालमत्ता जप्त होऊन लिलाव होईपर्यंत मुलाचं शिक्षण संपून त्याचं लग्नही होईल.

मेहुणे खोटं बोलत असतील असं नाही, अनेकदा संचालकालाही आतलं माहीत नसतं. नात्यापोटी नाही म्हणता येत नसेल, तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढे, पन्नास हजार, ठेवा.

पोस्टात जाताना दोन गोष्टी सांभाळा. वय साठच्या आत असल्याने निवृत्तीचे पैसे कधी जमा झाले ते विचारतात. ते आल्यापासून पहिल्याच महिन्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि पैसे जमा झाल्याची नोंद असलेलं पासबुक घेऊन जा; उशीर झाला की खिडकीवर वाद होतो. दुसरं, २५ लाखांचं एकच खातं काढू नका, १५ आणि १० अशी दोन काढा. या योजनेत थोडे पैसे काढायची सोय नाही, मोडलं तर अख्खं खातं मोडतं. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज वसूल करतात, दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. व्याज बचत खात्यात आपोआप वळतं करून घ्या, कारण पडून राहिलेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. टीडीएस कापला तर रिटर्न भरून परत मागा; नव्या करपद्धतीत तुमच्या उत्पन्नावर कर शून्य येतो.

आता प्लॉट. घर झालेलं आहे, त्यामुळे माझं मत 'आत्ता नको'. तरी मन ओढत असेल तर इसार द्यायच्या आधी सातबारा हातात घ्या. 'भोगवटादार वर्ग-२' दिसलं तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. इतर हक्कात कुळाची नोंद किंवा ३८-ई (कुळाला मालकी देणारं कलम) आहे का ते पाहा. आपल्याकडे मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या खिदमतमाश आणि मदतमाश इनाम जमिनी बऱ्याच आहेत. खिदमतमाश म्हणजे देवस्थानाच्या सेवेची जमीन, तिच्यात गुंतलेला पैसा सहज सुटत नाही. १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, तहसीलमधून काढलं की मूळ कळतं. एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट नसलेल्या दीड गुंठ्यासाठी एजंट बाँडपेपर पुढे करेल, त्याला नमस्कार करून निघा.

१५ लाखांपैकी ५ लाख पेन्शनच्या बँकेत एफडीला ठेवा. ४ लाख मुलाच्या फीच्या तारखांना मोकळे होतील अशा एफडीत. ६ लाख लिक्विड फंडातून दीड वर्षात थोडेथोडे करून निफ्टी इंडेक्स फंडात न्या, आणि सात वर्षं हात लावू नका. माजी सैनिकांची आरोग्य योजना ईसीएचएस असल्याने तुम्हा दोघांसाठी महागडा मेडिक्लेम नको. मुलाचं नाव मात्र २५ व्या वर्षी किंवा कमाई सुरू होताच त्यातून जातं, तेव्हा त्याचा वेगळा काढा.

शेवटचं काम बिनखर्चाचं आहे. वहिनींचं नाव आणि जन्मतारीख पीपीओ, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींत अक्षर न् अक्षर जुळतं का ते आजच पाहा. 'सुनिता' आणि 'सुनीता' एवढ्या फरकानेही कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. फरक असेल तर शपथपत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्या. आज तुमच्या एका सहीवर होणारं काम आहे, नंतर त्यासाठी वहिनींना हेलपाटे घालावे लागतील.