सारंगी आणि पावसाळा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

जून उजाडला की सारंगीवाल्यांचे फोन सुरू होतात, सगळ्यांची तक्रार साधारण एकच, "कालपर्यंत नीट होती हो!" असणारच. तिच्या पोटावर बकऱ्याचं कातडं, वर आतड्याची तात, गजाला घोड्याचे केस, म्हणजे हवेतला ओलावा पिणाऱ्या वस्तूच सगळ्या.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, दोन वर्षं झाली शिकतेय. हल्ली रोज सकाळी सगळ्याच तारा उतरलेल्या असतात आणि आवाज बसल्यासारखा येतो. हेअर ड्रायरने कातडं थोडं वाळवलं तर चालेल का?

नाही, नाही आणि नाही. मी केलंय ते. पंचविशीत होतो, संध्याकाळी कार्यक्रम, बाहेर धो धो पाऊस, म्हणून दोन मिनिटं ड्रायर मारला, आवाज असा खणखणीत सुटला की मी स्वतःवरच खूश, आणि चहा घेऊन परत येतो तोवर कडेला कातडं बोटभर उललेलं. गरम हवेने ते एका जागी पटकन आकसतं, घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो उभा तुकडा, त्याच वेळी वरून दाबत असते, मग जाणार कुठे ते!

तुमच्या तारा ढिल्या झालेल्या नाहीत, घोडी खाली बसलीय. तीन ताती आणि पस्तिसेक तरफा (गज न लावता नुसत्या सोबत झंकारणाऱ्या बारीक तारा), एवढ्यांचा भार त्या एका घोडीवर, खाली आधाराला चामड्याची पट्टी आणि तिच्याखाली कातडं. ओलाव्याने ते सैल पडलं की घोडी दबते आणि सगळंच एकदम उतरतं. अशा वेळी लोक खुंट्या पिळत बसतात, दुपारी हवा कोरडी झाली की कातडं परत ताणतं आणि तात फटकन तुटते. त्यापेक्षा चार महिने अर्धा सूर खालीच लावा, सरळ. वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात भिंत ओल धरते. लाकडी कपाटात ठेवा, गवसणीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका आणि त्या अधूनमधून वाळवा, नाहीतर नुसत्या शोभेच्या. काही जण कपाटात बारीक पिवळा बल्ब लावतात, चालतं, पण वाद्यापासून हातभर लांब. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, पन्नासच्या आसपास काटा राहिला की झालं. आणि रोज वाजवा, वाजतं वाद्य कमी कुरकुरतं असा माझा तरी अनुभव आहे.

प्रश्न : पहिली तात महिन्यात दोनदा तुटली. बॅडमिंटनच्या रॅकेटची नायलॉनची गट लावू का?

रियाजापुरती लावा, मी काही पोलीस बोलवणार नाही, पण तो ओला, माणसाच्या गळ्यासारखा आवाज नायलॉनमधून निघत नाही. आधी तुटते कुठे ते बघा. घोडीवर तुटत असेल तर खाचेला धार आलीय, अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीजवळ तुटत असेल तर वेढे एकावर एक चढतायत. मध्येच उसवत असेल तर ती नखाची झीज, आपण तात नखाच्या मुळाने दाबतो त्यामुळे ती होणारच. सुटलेला धागा ओढू नका, नेलकटरने कापा. आणि बदलायची तर एक काढली की ती लावूनच दुसरी, सगळ्या एकदम सोडल्या तर घोडी आडवी होते आणि तिच्या भोकांमधून जाणाऱ्या तरफांचा जो गुंता होतो तो सोडवताना रविवार जातो.

प्रश्न : पोटावर गजाच्या केसांना लावायच्या राळेची पांढरी पावडर साचलीय. ओल्या फडक्याने पुसू?

कोरड्या. जुनं मऊ सुती कापड, रोज वाजवून झाल्यावर. तरफांखाली रंगकामाचा मऊ ब्रश फिरवा, राळ तिथे बसली की तरफा बोलत नाहीत. कातड्याला पाणी नाही, तेल नाही, कोलिन तर अजिबात नाही (एकाने खरंच मारलं होतं). गजाच्या केसांना बोटं लावू नका, हाताचं तेल लागलं की तेवढ्या जागी राळ धरत नाही.

प्रश्न : आजोबा नाटक कंपनीत सारंगी वाजवायचे. चाळीस वर्षं ती सांगलीच्या घरी भिंतीवर आहे. न्यू जर्सीतली भाची मागतेय. वाजेल का? घोडी हस्तिदंताची आहे असं वडील म्हणायचे.

हे वाचून अंगावर काटा आला. बालगंधर्वांच्या मागे कादरबक्षांची सारंगी असायची तो काळ आठवा, म्हणजे आपण फक्त ऐकलेला.

आधी आवाजाचं विसरा, लाकूड बघा. सारंगी तुनीच्या लाकडाच्या एका ठोकळ्यातून कोरतात, जोड नसतो, त्यामुळे अंगाला उभी चीर असेल तर तो मोठा आजार. कातडं गेलेलं असणारच, त्याचं दुःख करू नका, ते बदलतात. मिरज तुमच्या शेजारी असली तरी तिथला हात सतार-तंबोऱ्याचा, सारंगीचे जुने कारागीर मेरठकडचे, तेव्हा कुणाकडेही टाकण्याआधी "सारंगी मढवलीय का कधी?" एवढं विचारा. उगाच सगळ्या तारा चढवून बघायचा मोह मात्र नको, जुनं कातडं तेवढ्याने फाटेल.

हस्तिदंताची घोडी लपवून विमानात नेऊ नका. 1989 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा ठराव झाला, तेव्हापासून सगळीकडे नियम कडक आहेत, अख्खी सारंगी अडकून बसेल. हाडाची घोडी करून घ्या, जुनी घरीच राहू दे. भाचीला सांगा की तिकडे दुखणं उलटं असतं, हिवाळ्यात हीटर हवा इतकी कोरडी करतो की कातडं डफासारखं ताणतं, तेव्हा खोलीत ह्युमिडिफायर हवा आणि वाद्य हीटरपासून लांब.

आणि हो, भिंतीवरून काढलीत की खाली पांढरा कागद अंथरून त्यावर हलकेच आपटल्यासारखी थोपटा. पिठासारखा भुगा पडला तर कीड लागलीय, घरातला तंबोरा आधी दुसऱ्या खोलीत हलवा, मग मला फोटो पाठवा.