नवीन प्रजाती की नवीन वाण? आणि फुलाला आईचं नाव द्यायचं तर…

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. त्यांनी गच्चीवर दोन जास्वंदींचा संकर केला, म्हणजे एकीचे परागकण कापसाच्या काडीने दुसरीला लावले, बी धरलं, रुजवलं, आणि आलेल्या रोपाला असा रंग आला की आसपास कोणाकडेच तसा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी 'नवीन प्रजातीचा शोध' असं टाकलं, सासऱ्यांनी 'प्रजाती नव्हे, वाण म्हणा' अशी दुरुस्ती केली, त्यावर कोणीतरी 'वाण तर संक्रांतीला लुटतात ना' म्हटलं आणि गाडी घसरली. तर बरोबर काय, आणि फुलाला आईचं नाव द्यायचंय तर मराठी नाव चालतं का, ते रजिस्टर कुठे होतं, असं त्यांनी विचारलंय.

सासरे बरोबर आहेत. प्रजाती हा शब्द हल्ली पेपरवाले सरसकट स्पीशीजसाठी वापरतात, पण मराठी विश्वकोशाच्या जुन्या नोंदी बघा, तिथे वंश किंवा प्रजाती ही वरची पायरी आणि जाती ही तिच्या खालची. कुठलाही अर्थ घेतला तरी गच्चीवर प्रजाती तयार झालेली नाही, जास्वंद जास्वंदच राहिलीये, हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. माणसाने निवडून, जपून, वाढवून टिकवलेला जो वेगळा प्रकार असतो तो वाण. इंग्रजीत यासाठी कल्टिव्हार म्हणतात, १९२३ साली लिबर्टी हाइड बेली या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने घडवलेला शब्द. आपल्याकडे शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून ज्वारीचे न् भाताचे वाण म्हणतोय, त्यामुळे नवा शब्द पाडायची गरजच नाही. बोलताना 'कुठल्या जातीचा गुलाब' म्हटलं तर काही बिघडत नाही, नर्सरीवाला तर 'व्हरायटी' म्हणतो, पण लिहायचं असेल तर वाण.

संक्रांतीचं वाण मात्र वेगळं, ते वायन या शब्दावरून आलंय, देण्याची वस्तू. आपला वाण 'वर्ण'वरून. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यात वाण म्हणजे रंगच, आणि रंगावरून प्रकार या अर्थाकडे सरकायला फार लांब जावं लागत नाही.

आता खरी मजा नावात आहे. हे नाव त्या एका कुंडीतल्या झाडाचं नसतं. त्याच झाडाच्या फांद्या लावून जितकी रोपं होतील त्या सगळ्यांचं मिळून ते एक नाव, कारण जास्वंदीचं बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं आणि मग आईचं नाव भलत्याच फुलाला लागतं. म्हणून आधी फांद्या लावा, दोनतीन हंगाम रंग टिकतो का बघा, बारसं नंतर. (ऑर्किडमध्ये याच्या उलटं आहे, तिथे त्याच दोन जातींच्या संकरातून झालेल्या सगळ्या भावंडांना मिळून एक नाव देतात, ते नाव अवतरणचिन्हात घालत नाहीत.)

लागवडीतल्या झाडांच्या नावांसाठी एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, पहिली १९५३ साली निघाली. त्यातले नियम भाषाप्रेमींनी वाचावेत असेच आहेत. १ जानेवारी १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन वळणाचं नाव देता येत नाही, म्हणजे 'अल्बा', 'रोझिया' वगैरे बंद, रोजच्या भाषेतलं नाव पाहिजे, त्यामुळे मराठी नाव चालतं, मस्त चालतं, फक्त नोंदीत रोमन लिपीत लिहावं लागतं आणि तिथे तीस अक्षरांपेक्षा लांब नको. 'सर्वोत्तम', 'सर्वात लवकर फुलणारी' असली स्वतःची जाहिरात करणारी नावं नको. नावात 'संकरित', 'सुधारित', 'वाण' हे शब्दही नको. नाव एकेरी अवतरणचिन्हात लिहायचं, आणि देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसल्याने हे चिन्ह आपल्याला जास्तच उपयोगी, नाहीतर जास्वंद शांता म्हणजे शांत स्वभावाची जास्वंद की काय असं वाटायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावाचं भाषांतर करायचं नाही, फक्त लिपी बदलायची. 'पीस' नावाचा पिवळा-गुलाबी गुलाब मराठी लेखात 'शांती' होऊन येतो ते चूक. गंमत म्हणजे या गुलाबाचं मूळ नाव आईचंच आहे. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच गुलाबवाल्याने तो तयार केला आणि आईवरून 'मादाम आ. मेयाँ' असं नाव ठेवलं, जर्मनीत तो 'ग्लोरिया देई' झाला, इटलीत 'जोया', आणि १९४५ साली अमेरिकेत 'पीस'. दुसऱ्या देशांत विकताना दिलेली अशी नावं व्यापारी नावं धरतात. म्हणजे ताई, तुम्ही एकट्या नाही, मोठी परंपरा आहे. आपल्याकडे कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी 'मृणालिनी', 'मोहिनी', 'हिमांगिनी' असे गुलाब केले, लखनौच्या बोगनवेलीला 'बेगम सिकंदर' नाव आहे. (बोगनवेल हा शब्दही बघा, बूगॅनव्हिल हे फ्रेंच दर्यावर्दीचं आडनाव, त्यातल्या व्हिलची आपण सरळ वेल करून टाकली आणि ती खरंच वेल निघाली.)

एक गैरसमज मुंबईत फार ऐकते. अॅस्टरच्या पाकिटावर 'फुले गणेश पिंक' दिसतं आणि लोकांना वाटतं फुले म्हणजे फुलं. नाही हो, तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले' आहे, म्हणून तर ऊसही 'फुले २६५' असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा तसाच 'पुसा', पुसा नारंगी झेंडू वगैरे, आणि ते पुसा म्हणजे बिहारमधलं गाव जिथे ही संस्था १९०५ साली सुरू झाली, भूकंपानंतर दिल्लीला आली आणि नाव सोबत घेऊन आली. दादरच्या फुलबाजारातली नावं मात्र या कशातच बसत नाहीत. कलकत्ता झेंडू, डच गुलाब ही बाजाराची भाषा, डच गुलाब हा कुठला एक वाण नाहीच, पॉलीहाउसमधल्या लांब दांड्याच्या गुलाबांना सगळ्यांना तेच म्हणतात. बाजारात ते बरोबरच आहे, लेबलवर नाही.

रजिस्टरबद्दल थोडक्यात. दोन वेगळ्या गोष्टी एकाच 'नोंदणी' शब्दाखाली येतात. एक नावाची नोंद, ती प्रत्येक फुलाची वेगळीकडे होते, गुलाबाची अमेरिकन रोझ सोसायटीकडे, डेलिया आणि ऑर्किडची लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे, जास्वंदीची आंतरराष्ट्रीय हिबिस्कस सोसायटीकडे, आणि बोगनवेलीची जगभराची नोंद चक्क आपल्या दिल्लीच्या पुसा संस्थेकडे. यात मालकी वगैरे काही मिळत नाही, एवढंच होतं की तेच नाव दुसऱ्याने दुसऱ्या जास्वंदीला देऊ नये. दुसरी गोष्ट हक्काची, २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली. (हिंदीत याच जागी 'किस्म' आहे, मराठीत 'वाण'.) तिथे वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता तपासतात, कायद्याने अधिसूचित केलेल्या वनस्पतींनाच अर्ज करता येतो, रोपं विकायला लागून वर्ष उलटलं असेल तर नवीन धरत नाहीत, आणि हक्क मिळाला तर १५ वर्षं, झाडं-वेलींना १८. गच्चीवरच्या एका जास्वंदीसाठी मी तरी या भानगडीत पडणार नाही, नावाची नोंद पुरे.

तेव्हा ग्रुपवर 'नवीन वाण नोंदवला' असं लिहा. 'पेटंट मिळालं' तर मुळीच नको, पेटंट कायद्यात वनस्पती येतच नाहीत. आणि 'तो वाण' की 'ते वाण' यावर पुन्हा भांडण होणार हे मला माहितीये, झाडांच्या बाबतीत दोन्ही कानावर येतात, हळदीकुंकवाचं मात्र कायम 'ते'. मी झाडासाठी 'तो' वापरते, निदान जानेवारीत तरी घोळ होत नाही.