बारावी हलकी घेऊ का?

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मिळालं. इंग्लिश, इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, फोटोग्राफी, दोन स्टडी हॉल (म्हणजे शिकवणं नाही, आपापला अभ्यास करायचे मोकळे तास) आणि जेवणानंतर थेट घर. फिजिक्स नाही, कॅल्क्युलस नाही. खाली तुझा प्रश्न : "मावशी, याने अ‍ॅडमिशन अडेल का?" (मराठी कुठे अडलं तर आईकडून वाचून घे, पण तिचं मत मधे घालू देऊ नकोस.)

तिला काय वाटत असणार ते मला माहीत आहे. आम्ही पुण्यात शिकलो तेव्हा अकरावी आरामाची आणि बारावी म्हणजे घरातला टीव्ही बंद. बोर्डाचा निकाल लागेपर्यंत पुढचं काही ठरतच नसे. इथे, न्यू जर्सीत, उलटं. बहुतेक अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, तेव्हा हातात ग्रेड असतात त्या मुख्यतः अकरावीपर्यंतच्या. बारावीतल्या एपी, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षा मे महिन्यात, त्यांचे गुण जुलैत. तोवर कॉलेज ठरलेलंही असतं. म्हणून मुलं समजतात की बारावीकडे कोणी बघत नाही.

बघतात. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच जाणाऱ्या ऑनलाइन अर्जात, चालू वर्षाचे विषय एकेक करून भरावे लागतात. तुमची काउन्सेलर, शाळेतली सल्लागार, वेगळा अहवाल पाठवते, त्यात तिला सांगावं लागतं की शाळेत जे मिळतं त्या मानाने या मुलीने किती अवघड विषय घेतले. सोबत शाळेची माहितीही जाते. शाळेत एपी फिजिक्स शिकवतच नसतील तर ते घेतलं नाही म्हणून तुला कोणी बोल लावणार नाही. शिकवत असताना टाळलंस, तर ते कागदावर दिसतं. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्या सत्राच्या ग्रेडही बऱ्याच कॉलेजांना जातात.

पण मला दोन स्टडी हॉलची काळजी नाही. अर्जात तू मेकॅनिकल इंजिनिअरिंग लिहिणार आहेस, आणि गणित प्रीकॅल्क्युलसवर थांबवते आहेस. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळेल की कॅल्क्युलस समोर होतं आणि पोरगी वळसा घालून गेली. स्टॅटिस्टिक्स वाईट नाही. मानसशास्त्राला जाणाऱ्या मुलीला मी तेच घ्यायला सांगितलं असतं. तुला मात्र पहिल्याच सत्रात, पहिल्याच आठवड्यात कॅल्क्युलस आणि फिजिक्स भेटणार आहेत. अ‍ॅडमिशन मिळूनही ऑक्टोबरमध्ये रडत फोन करणारी मुलं मी पाहिली आहेत.

तेव्हा स्टॅटिस्टिक्सच्या जागी कॅल्क्युलस, एका स्टडी हॉलच्या जागी फिजिक्स. दुसरा स्टडी हॉल राहू दे, सप्टेंबर ते डिसेंबर निबंध तिथेच लिहून होतील. फोटोग्राफीला हात लावू नकोस. आणि मैत्रीण पाच एपी घेते आहे म्हणून तूही पाच घेऊ नकोस. पाचांत दोन सी आणण्यापेक्षा तीन नीट केलेल्या बऱ्या. अमेरिकेतली बहुसंख्य कॉलेजं अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना घेतात. हा सगळा काथ्याकूट तुझ्या यादीतल्या वरच्या चार-पाच नावांसाठी आहे.

कॅलिफोर्नियातल्या आत्तेबहिणीचं ऐकून गोंधळू नकोस. तिकडच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना दहावी-अकरावीच्याच ग्रेड धरतात, हे ती खरं सांगते. पण ठरलेल्या 15 विषयांपैकी 11 बारावीच्या आधी पुरे व्हावे लागतात, बारावीत काय घेतलं हेही अर्जात लिहावं लागतं, आणि मिळालेली जागा सशर्त असते. बारावीत ‘सी’च्या खाली ग्रेड गेली की ती धोक्यात येते.

सशर्त म्हणजे काय, ते आमच्या घरी विचार. थोरल्याला मार्चमध्ये प्रवेशाचं पत्र आलं आणि त्याने दप्तर जे ठेवलं ते ठेवलंच. फिजिक्समध्ये डी. जुलैत त्या कॉलेजचं दुसरं पत्र : ही घसरण का झाली, लेखी कळवा. मी खोलीभाड्याचे पैसे भरून बसले होते. दोन रात्री त्याने उत्तर लिहिलं, मी शेजारी बसून नुसता चहा केला. जागा राहिली, पण तो उन्हाळा आम्ही कोणी विसरलो नाही. त्याच्याच वर्गातल्या एकाने अर्ज पाठवल्यावर स्पॅनिश सोडलं आणि कॉलेजांना कळवलंच नाही, त्याचं निस्तरायला आणखी वेळ गेला. म्हणून बदल करायचा तो आताच कर. नंतर केलास, तर जिथे जिथे अर्ज गेला तिथे तिथे आपणहून कळव.

उद्या काउन्सेलरला विचार, फिजिक्सची लॅब आणि फोटोग्राफी एकाच पिरियडला तर येत नाहीत ना. येत असतील तर रविवारी मराठी शाळेत वेळापत्रक घेऊन ये, बसून बघू.

तुझी,
मावशी