लंडनची डीएलआर: चालक नाही, गेट नाही, मग प्रवास कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की आईवडील आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच लंडनला जाताय, मुक्काम कॅनरी वॉर्फजवळ आहे आणि नकाशावर सगळीकडे डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे) नावाची गाडी दिसते. ती मेट्रो आहे की ट्राम, तिला खरंच चालक नसतो का, आणि गेटच नसेल तर तिकीट दाखवायचं कुठे? मी पूर्व लंडनमध्ये राहतो आणि ऑफिसला जायची माझी गाडी हीच, त्यामुळे जरा ऐसपैस उत्तर देतो.

सगळ्यात आधी तिकिटाचं, कारण नवख्या माणसाचे पैसे तिथेच जातात. डीएलआरच्या बहुतेक स्थानकांवर गेट नसतात. जिना चढलात की सरळ फलाटावर. जिन्याच्या तोंडाशी किंवा फलाटाच्या प्रवेशाशी एका खांबावर पिवळ्या गोलाचं यंत्र असतं, त्याला कार्ड टेकवायचं आणि आत जायचं. उतरल्यावर बाहेर पडताना पुन्हा तसंच यंत्र शोधून पुन्हा टेकवायचं. हे दुसऱ्यांदा टेकवणंच लोक विसरतात. भुयारी मेट्रोत गेट तुम्हाला अडवतं, त्यामुळे विसरायची सोयच नसते. इथे अडवणारं कोणी नाही. तुम्ही बोलत बोलत रस्त्यावर येता आणि यंत्रणेच्या लेखी तुमचा प्रवास संपलेलाच नसतो. मग त्या प्रवासाचं जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. चढताना टेकवलंच नसेल आणि तपासनीस आला, तर 100 पौंड दंड. 21 दिवसांत भरला तर निम्मा. आपल्या मुंबई लोकललाही गेट नसतं आणि टीसी कधीही उगवतो, पण तिथे उतरताना काही करावं लागत नाही. नेमक्या त्याच सवयीमुळे आपली माणसं इथे फसतात.

कार्ड म्हणजे ऑयस्टर (लंडनच्या प्रवासाचं, आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) किंवा तुमचं नेहमीचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड, दोन्ही चालतं आणि मोठ्या माणसांचं भाडं दोन्हीवर सारखंच. भारतीय कार्ड वापरणार असाल तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही पर्याय सुरू करून ठेवा, ते बऱ्याचदा बंद असतात. व्हिसा, मास्टरकार्ड चालतात. रुपे कार्डाच्या भरवशावर येऊ नका. बँक कार्डावर भाडं दिवसभराचं मिळून एकदाच कापलं जातं आणि दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. ती गाठली की त्या दिवशीचे त्या झोनमधले (झोन म्हणजे भाड्यासाठी पाडलेले शहराचे भाग) पुढचे प्रवास फुकट. पण हा हिशेब एका कार्डाचा असतो. सकाळी कार्ड टेकवलं आणि संध्याकाळी त्याच कार्डाचा फोन टेकवला, तर यंत्रणेला ती दोन वेगळी माणसं वाटतात. प्रत्येकाला स्वतःचं वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर तिघं जाऊ शकत नाहीत. मुलीची काळजी नको. 11 वर्षांखालची मुलं मोठ्या माणसासोबत डीएलआर आणि भुयारी मेट्रोत फुकट जातात. सोमवार ते शुक्रवार सकाळी 6.30 ते 9.30 आणि दुपारी 4 ते 7 ही गर्दीची वेळ धरतात, तेव्हा भाडं जास्त. आईवडिलांना घेऊन साडेनऊनंतर निघालात तर पैसेही वाचतील आणि बसायलाही मिळेल.

कॅनरी वॉर्फची एक खास गंमत तुमच्या कामाची आहे. या नावाची तीन स्थानकं आहेत: डीएलआरचं, भुयारी ज्युबिली लाइनचं आणि एलिझाबेथ लाइनचं. तिन्ही वेगवेगळ्या इमारतींत. नकाशावर ती जोडलेली दिसतात, प्रत्यक्षात मध्ये रस्ता, मॉल आणि ऑफिसला पळणारी माणसं आहेत. एकातून दुसरीकडे जाताना डीएलआरच्या पिवळ्या यंत्रावर टेकवून बाहेर पडायचं आणि पुढच्या गेटवर पुन्हा टेकवायचं. वेळेत पोचलात तर तो एकच प्रवास धरतात. ज्युबिली लाइन गाठायची असेल तर पुढच्या हेरन कीज स्थानकावर उतरणंही सोयीचं पडतं. याउलट बँक नावाच्या स्थानकात डीएलआरमधून भुयारी मेट्रोत जाताना मध्ये गेट लागत नाही. तिथे काहीही टेकवायचं नाही. स्ट्रॅटफर्डसारख्या काही ठिकाणी गुलाबी यंत्रंही दिसतील. ती प्रवास सुरूही करत नाहीत आणि संपवतही नाहीत. तुम्ही महागड्या मध्यवर्ती झोन 1 मधून न जाता वळसा घालून आलात एवढंच ती नोंदवतात. तसं आला असाल तर गाडी बदलताना टेकवा, नाहीतर दुर्लक्ष करा.

आता ती मेट्रो की ट्राम? लाइट मेट्रो म्हणा. मार्ग पूर्णपणे स्वतंत्र, रस्त्यावर कुठेही उतरत नाही, पण गाड्या लहान आणि वळणं अगदी अरुंद. याचं कारण तिच्या जन्मात आहे. 1981 पर्यंत लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्या होत्या आणि तो सगळा भाग ओसाड झाला होता. तिथे नवी वस्ती आणि ऑफिसं यावीत म्हणून स्वस्तात काहीतरी रेल्वे हवी होती. भुयारं खणण्याइतके पैसे कोणी देणार नव्हतं. म्हणून 1840 च्या एका रेल्वेचा जुना दगडविटांचा पूल आणि पडीक रूळमार्ग वापरून 7.7 कोटी पौंडांत ही गाडी उभी राहिली. 1987 साली सुरू झाली तेव्हा 15 स्थानकं आणि 11 गाड्या, त्याही एकेका डब्याच्या. आज 45 स्थानकं आणि साधारण 38 किलोमीटर. पुढे कॅनरी वॉर्फ इतकं फुगलं की एका डब्याच्या गाडीसाठी बांधलेली स्थानकं आधी दोन आणि मग तीन डब्यांसाठी लांबवत बसावं लागलं. पहिले डबे तर भुयारात न्यायच्या लायकीचेच नव्हते, ते जर्मनीतल्या एसन शहराला विकून टाकले. वळणावर गाडी कर्कश किंचाळते तोही या काटकसरीचाच वारसा. आईला कानावर हात ठेवावासा वाटला तर घाबरू नका, तिथे तसंच असतं.

चालक खरंच नसतो. गाडी नियंत्रण केंद्रातल्या संगणकाच्या हुकमावर चालते आणि पुढच्या गाडीपासूनचं सुरक्षित अंतर सतत मोजत वेग ठरवते. पण गाडी बेवारस नसते. प्रत्येक गाडीत एक कर्मचारी असतो, तो दारं सांभाळतो, तिकिटं तपासतो, माहिती सांगतो. गरज पडली तर पुढच्या टोकाला असलेली पेटी उघडून तोच गाडी हातानेही चालवतो. स्थानकांवर मात्र बहुतेक ठिकाणी कर्मचारी नसतात, भुयारातली स्थानकं सोडून. फलाटावर मदतीचं बटण असतं, ते दाबलं की पलीकडे माणूस बोलतो. गाडीचं दार आपोआप उघडलं नाही तर दारावरचं बटण दाबायचं.

आणि चालक नसल्याचा सगळ्यात मोठा फायदा: अगदी पुढची, काचेसमोरची जागा प्रवाशांची असते! तुमच्या मुलीसाठी लंडनमधली ही सर्वांत स्वस्त सफर ठरेल. ती जागा पकडायला स्थानिक मुलं टपलेली असतात. सूटबूट घातलेली मोठी माणसंही मुलांना न बघितल्यासारखं करून तिथे बसतात, हे मी अनेकदा पाहिलंय. गाडी सुरू होते त्या स्थानकावर चढलात तर ती मिळायची शक्यता जास्त. बँकला रिकामी गाडी मिळाली तर भुयाराच्या अंधारातून वर चढून छपरांच्या उंचीवर येणं समोरून दिसतं. वेस्ट इंडिया कीच्या आसपास उंच काचेच्या इमारतींच्या पोटात शिरणारं वळण तर बघण्यासारखंच आहे. कर्मचाऱ्याला पेटी उघडायची असेल तर तो तुम्हाला उठायला सांगेल, मुकाट उठायचं.

मार्ग समजून घेताना एक गोष्ट पक्की ठेवा. नकाशावर संपूर्ण डीएलआर एकाच फिरोजी रंगात दाखवतात, पण तिला फाटे भरपूर आहेत. एकाच फलाटावर वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या गाड्या येतात. गाडी कोणत्या बाजूची यावर विसंबू नका, पाटीवरचं शेवटचं स्थानक वाचा. कॅनरी वॉर्फहून उत्तरेला जाणाऱ्या काही गाड्या बँकला जातात आणि काही स्ट्रॅटफर्डला. सिटी एअरपोर्टला जायचं असेल तर स्ट्रॅटफर्डची गाडी घेऊन पॉपलरला उतरा आणि तिथे वुलिच आर्सेनलची गाडी पकडा. बँकची गाडी पॉपलरला जातच नाही, ती वेस्टफेरीकडे वळते. चुकून तिच्यात बसलात तरी बिघडत नाही, वेस्टफेरीला उतरून पूर्वेकडे जाणारी वुलिचची गाडी घ्या. मात्र त्याच फलाटावर बेक्टनची गाडीही येते आणि ती विमानतळाला जात नाही. कॅनिंग टाउननंतर दोघींचे रस्ते वेगळे होतात. कोणी बेक्टनच्या गाडीत बसलंच तर कॅनिंग टाउनला उतरून गाडी बदलावी. विमानाची वेळ गाठायची असताना ही भानगड नको.

टॉवर ऑफ लंडनसाठी टॉवर गेटवे हे स्थानक जवळचं. त्यासाठी बँकच्या गाडीने शॅडवेलपर्यंत जा आणि तिथे मागून येणारी टॉवर गेटवेची गाडी घ्या. शॅडवेलनंतर एक फाटा भुयारातून बँकला जातो, दुसरा वरूनच टॉवर गेटवेला. बँक स्थानक मोठं आणि आडवंतिडवं पसरलेलं आहे, डीएलआरचे फलाट बरेच खोल आहेत. लिफ्ट आहेत, पण वडिलांना चालायचा त्रास असेल तर तिथली पायपीट टाळलेलीच बरी.

चालण्यावरून आठवलं, ज्येष्ठांसाठी लंडनमध्ये डीएलआरसारखी सोय नाही. जुन्या भुयारी मेट्रोच्या कितीतरी स्थानकांत अजूनही जिनेच आहेत. डीएलआर मात्र मुळातच अशी आखली की रस्त्यापासून गाडीपर्यंत लिफ्टने किंवा उताराने जाता यावं, आणि फलाट व गाडीची उंची जवळजवळ सारखी असते. चाकाची खुर्ची, बाबागाडी, मोठी बॅग, काहीही अडत नाही. कधीमधी एखादी लिफ्ट बंद असते, ते लंडनच्या वाहतूक यंत्रणेच्या टीएफएल गो ॲपमध्ये आधीच दिसतं.

एक दिवस ग्रिनिचसाठी ठेवाच. कॅनरी वॉर्फहून लुइशमची गाडी थेट जाते. ग्रिनिच नावाच्या स्थानकावर उतरू नका. त्याच्या एक आधी कटी सार्क लागतं, जुनं जहाज, बाजार, वेधशाळेकडे जाणारी बाग हे सगळं तिथून जवळ. कटी सार्कचा फलाट गाडीपेक्षा आखूड आहे, त्यामुळे गाडीच्या दोन्ही टोकांची दारं तिथे उघडत नाहीत. जुन्या गाड्यांत एका डब्यातून दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच मधल्या डब्यात बसा. मुलीने पुढची जागा सोडायला नकार दिला तर एक स्थानक आधी, म्हणजे आयलंड गार्डन्सला उतरा. खरं तर मी पाहुण्यांना तिथेच उतरवतो. बाहेर आलं की नदीकाठची छोटी बाग आहे आणि पलीकडच्या तीरावर ग्रिनिचच्या पांढऱ्या इमारती आणि टेकडीवरची वेधशाळा एका नजरेत दिसते. तिथूनच टेम्सच्या खालून पायी जायचं भुयार आहे, 1902 सालचं, फुकट. साधारण 370 मीटर चाललं की कटी सार्क जहाजाच्या शेजारीच वर येता. वाटेत मडशूट स्थानकाजवळ मोठं शेत आणि पाळीव जनावरं आहेत, प्रवेश फुकट, मुलीला आवडेल.

परतताना एक लहानशी खोच. बँकहून लुइशमकडे जाणारी गाडी वेस्ट इंडिया कीला थांबत नाही, उलट दिशेने मात्र थांबते. तुमचं हॉटेल त्या बाजूला असेल तर कॅनरी वॉर्फलाच उतरा आणि चालत या. ही दोन स्थानकं इतकी जवळ आहेत की एकावरून दुसरं दिसतं.

गाड्या दर काही मिनिटांनी असतात, वेळापत्रक पाठ करायची गरज नाही. पण डीएलआर रात्रभर चालत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास शेवटच्या गाड्या जातात आणि रविवारी सकाळी उशिरा सुरू होतात. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी एखादा फाटा बंद ठेवायची इथे रीतच आहे. तेव्हा बदली बस सोडतात, तिला वेळ जास्त लागतो. रविवारी विमानतळ गाठायचा असेल तर आदल्या रात्री ॲप उघडून बघा आणि फाटा बंद दिसला तर टॅक्सी सांगून ठेवा.