वाचकांचे प्रश्न : शेव्हेल १९७० ची घ्यावी की १९७१ ची?

प्रश्न : अमेरिकेत स्थायिक झालेले माझे थोरले बंधू शेव्हरोलेची जुनी शेव्हेल एसएस (सुपर स्पोर्ट) ही मोटार घेऊन मुंबईला आणण्याच्या विचारात आहेत. १९७० च्या गाडीची ताकद ४५० अश्वशक्ती आणि १९७१ च्या गाडीची केवळ २८५, असे विक्रेता सांगतो. एका वर्षात एवढी घसरण कशी झाली? आम्ही कोणती निवडावी?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांची तुलना होऊ शकत नाही. दोन्ही इंजिने ४५४ घनइंचांची, म्हणजे सुमारे ७.४ लिटरची असली, तरी ४५० हा आकडा एलएस ६ या खास इंजिनाचा असून ते शेव्हेलमध्ये १९७० सालीच मिळाले; २८५ हा १९७१ च्या एलएस ५ या दुसऱ्या, सौम्य इंजिनाचा आहे. शिवाय मोजण्याची रीतही निराळी. पूर्वी इंजिन स्टँडवर चढवून, पंखा, अल्टरनेटर आणि गाडीचा सायलेन्सर यांचा भार न घालता ताकद मोजत. १९७१ साली जनरल मोटर्सने त्याच्या जोडीला, हे सारे जोडल्यावर उरणारी निव्वळ ताकदही जाहीर केली; २८५ हा तोच निव्वळ आकडा, तर ४५० जुन्या रीतीचा. जुन्या रीतीने एलएस ५ ची ताकद १९७० मध्ये ३६० आणि १९७१ मध्ये ३६५ होती.

खरा बदल कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा आहे. कमी शिशाच्या, ९१ ऑक्टेनच्या (ऑक्टेन जितका जास्त, तितके पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटत नाही) पेट्रोलवर इंजिने चालावीत म्हणून कंपनीने एलएस ५ चे कॉम्प्रेशन १०.२५ वरून ८.५ वर आणले. एलएस ६ चे तर ११.२५ होते, आणि असे इंजिन साध्या पेट्रोलवर नॉकिंग करू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून खडखडते; त्यामुळे त्याला महागडे उच्च ऑक्टेनचे पेट्रोल शोधत फिरावे लागेल. म्हणूनच मुंबईत गाडी खरोखर चालवायची असेल, तर माझे मत निःसंशय १९७१ च्या बाजूने आहे. चार दिव्यांचा १९७० चा चेहरा मलाही दोन दिव्यांच्या १९७१ पेक्षा अधिक देखणा वाटतो, पण निवड त्यावर करू नये. कोणतीही घेतली, तरी इथेनॉलमिश्रित पेट्रोलासाठी जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट आधी बदलून घ्यावीत.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात. मागच्या काचेखालचा पत्रा आणि डिकीचा तळ गंजलेला असेल, तर आपल्या खाऱ्या हवेत तो झपाट्याने सडेल. दुसरे म्हणजे, या दोन्ही वर्षी एसएस हे जादा पैसे देऊन घेण्याचे पॅकेज होते आणि चासी क्रमांकावरून ते कळत नाही. म्हणून मालिबू या शेव्हेलच्या साध्या मॉडेलवर एसएसची चिन्हे लावून विकलेल्या गाड्या बाजारात आढळतात. कारखान्यातील मूळ बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवले त्याचा कागद), जी पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते, आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक जुळल्याशिवाय बंधूंनी विसाराची रक्कम देऊ नये. आपल्याकडे व्हिंटेज नोंदणीलाही ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपातलीच गाडी लागते, आणि त्या नोंदणीवर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.